बिनपगारी कोतवाल

सण जवळ आले की पोलिसांचं ते आवाहन निघतंच. 'ग्रुपवर आक्षेपार्ह मजकूर आढळल्यास ॲडमिनला जबाबदार धरण्यात येईल. समाजमाध्यमांवर यंत्रणेची करडी नजर आहे.' नजर एवढी करडी असेल तर ॲडमिन कशाला लागतो, हे आमच्या अमडापुरात कोणी विचारलं नाही. विचारायचं तर ग्रुपवरच विचारावं लागलं असतं.

आमचे तात्या असेच एक ॲडमिन. घरची चार एकर सोयाबीन, दोन म्हशी आणि एकशे ऐंशी माणसांचा ग्रुप. पैकी सोयाबीन आणि म्हशी त्यांनी स्वतःहून केल्या. ग्रुप पुतण्याने काढला होता. तो पुण्याला नोकरीला लागला आणि एका रात्री गावाकडच्या सगळ्या ग्रुपांतून बाहेर पडला. एकुलता एक ॲडमिन असा निघून गेला, की व्हॉट्सॲप उरलेल्यांपैकी कोणाला तरी आपल्याच मनाने ॲडमिन करून टाकतं. सरपंचपदाचं आरक्षणसुद्धा चार लोकांसमोर चिठ्ठी काढून ठरतं. इथे चिठ्ठी नाही, हरकत नाही, सूचक-अनुमोदक नाही. सकाळी तात्या धार काढून आले तोवर ते गावाच्या कायदा-सुव्यवस्थेला जबाबदार झालेले होते. "काहून बाप्पा, मले कोणी ईचारलं तरी काय?" एवढंच ते म्हणाले.

शेजारी पोलीस पाटील राहतात. त्यांचं पद १९६७ च्या कायद्यातलं. परीक्षा होते, नेमणुकीचा आदेश निघतो, २०२४ पासून महिन्याला १५ हजार मानधन आहे. तात्यांना मानधन नाही, आदेश नाही, डाटासुद्धा स्वतःच्या पैशाचा. ड्युटी मात्र चोवीस तास. पहाटे चारला उठून ते आधी ग्रुप तपासायचे आणि मग गोठा. गुलाबाच्या फुलावरचं 'शुभ सकाळ' ते बोटांनी मोठं करून पाहायचे, पाकळीआड काही लपलंय का म्हणून. तेरवीच्या पत्रिकेत 'दुःखद' शब्द आहे, त्याने कोणाच्या भावना दुखावतील का, याचा विचार करत ते एकदा दुपारभर बसले. मेहुण्याने एक जुना व्हिडिओ टाकला तर त्याला काढून टाकलं. त्यावरून सासुरवाडीशी बोलणं बंद आहे. पोळ्याला बैलाचा फोटो आला, तेव्हा बैल कोणत्या रंगाने रंगवलाय हे पाहून त्यांना घाम फुटला. शेवटी पुतण्याने फोनवरून तोडगा सांगितला: 'फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतात' हे बटण दाबा. दाबलं. त्या दिवसापासून ग्रुपवर शांतता आहे, गुन्ह्यांचं प्रमाण शून्य आहे, आणि चिखली बाजारातला सोयाबीनचा भाव कोणाला कळत नाही. एक जण तर साखरपुड्याला दुसऱ्या दिवशी पोहोचला.

खरं तर २०२१ च्या मार्चमध्येच नागपूरला उच्च न्यायालयात निकाल लागलाय. सदस्याने काही टाकलं म्हणून ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा आधीपासून तसा बेत असेल तर गोष्ट वेगळी. ॲडमिनच्या हातात माणूस आत घेणं आणि बाहेर काढणं, एवढंच असतं, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. निकाल नागपूरहून निघाला आणि अमडापूरपर्यंत यायचा राहिला. आवाहन दरवर्षी वेळेवर येतं.

नजर कशाला, तर सुरक्षेसाठी. मान्य. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, पोरं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. ते आठवलं की हसणं थांबतं. पण ती अफवा कोणत्या गुप्त कप्प्यात होती? कितीतरी दिवस ती जिल्ह्याजिल्ह्यांतून उघड फिरत होती, पारावर, एसटीत, पानठेल्यावर. ती ऐकायला चोरून कान लावायची गरज नव्हती. कोणीतरी गावोगाव जाऊन मोठ्याने, गोंडी-अहिराणी-मराठी जी लागेल त्या बोलीत, 'हे खोटं आहे' म्हणून सांगायला हवं होतं. तिथे जीप लागते, डिझेल लागतं, माणूस लागतो. ऐकत बसणं स्वस्त पडतं.

आणि ऐकण्याचा हिशेब विचारा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ कलमाखाली तुमचा संदेश, मेल, सगळं पाहता येतं. त्याला न्यायाधीशाची सही लागत नाही. वरच्या साहेबाची पुरते. तुम्हाला ते आधी कळवत नाहीत, नंतरही कळवत नाहीत. तुम्ही निर्दोष निघालात तर मुळीच कळवत नाहीत. साहेबांनी दिलेले आदेश बरोबर होते का, हे दुसरे साहेब दोन महिन्यांतून एकदा बसून तपासतात. २०१८ साली केंद्राला सादर झालेल्या एका अहवालात नोंद आहे, की अशा एका बैठकीपुढे फोन ऐकण्याचे पंधरा ते अठरा हजार आदेश असतात. सलग आठ तास बसले, चहाला उठले नाहीत, लघवीलाही गेले नाहीत, तरी एका आदेशाला दोन सेकंद येत नाहीत. तात्या एका गुलाबाला दहा मिनिटं द्यायचे! एका माणसाचं घर, बायकोशी झालेलं भांडण, सावकाराला केलेली विनवणी, आजाराचं नाव, हे सगळं उघडून पाहावं की नाही, याचा फेरविचार पापणी लवायच्या आत उरकतो, आणि वर आम्हाला सांगतात, सुरक्षा आणि स्वातंत्र्य यांचा तोल सांभाळलाय. कोणी पाहिलाय तो तोल? दाखवा की. कागद दाखवा. किती आदेश फेटाळले तो आकडा सांगा. तो गोपनीय. तात्यांची गुलाबं तेवढी सार्वजनिक.

बरं, सरकारला एवढं दिसतं तर सगळंच नीट दिसावं. परवा तात्या ई-पीक पाहणी करायला शेतात गेले. हे ॲप २०२१ पासून आहे आणि त्यात पिकाचा फोटो शेतकऱ्यानेच बांधावर उभं राहून चढवायचा असतो. तात्या बांधावर उभे राहिले. ॲप म्हणालं, तुम्ही तुमच्या गटापासून लांब आहात. तात्या आत सरकले. ॲप म्हणालं, अजून लांब. तात्या चिखलात गुडघाभर, चारी बाजूंनी त्यांचीच सोयाबीन, समोर टेकडीवर बल्लाळदेवी साक्षीला, आणि ॲपच्या मते ते तिसऱ्याच शिवारात. मग सर्व्हर गेला. पीक नोंदलं नाही तर नुकसानभरपाईला अडचण, म्हणून त्यांनी दोन-चार जणांना फोन लावले. एकाने सल्ला दिला, "स्क्रीनशॉट काढा अन् ग्रुपवर टाका. कोणीतरी वरचा पाहीलच."

तात्यांनी टाकला. एकशे ऐंशी जणांनी पाहिला. उत्तर द्यायची सोय कोणालाच नव्हती.