सहाशेला येईल

मामा अत्यवस्थ असल्याचा फोन आला म्हणून मी दापोलीच्या स्टँडवर मुंबईची गाडी शोधत होतो. मागून खांद्यावर हात पडला आणि आवाज आला, "चारशे की सहाशे?"

नाना. दुसरं कोण असणार?

"नाना, मामांचं काही खरं नाही. मुंबईला निघालोय."

"अरेरे!" नानांचा चेहरा खरोखरच पडला. माणूस वाईट नाही. क्षणभर गप्प राहून म्हणाले, "मुंबईला म्हणजे फोर्टात जाणं होईलच तुझं. तिथल्या एखाद्या दुकानात ती दोनशे-पाचशे जरा हातात धरून बघ. नुसती धरून हं. घ्यायची नाही."

घ्यायची नाही, हे सांगायची काही गरज नव्हती.

असा एक जण तुमच्याही ओळखीत आहे. कुणी बारा वर्षं फ्लॅट बघत असतो, कुणी इन्व्हर्टर. आमच्या नानांनी पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी लांब पल्ल्याची झूम लेन्स बघायला घेतली २०१४ साली, फंडाचे पैसे हातात आले तेव्हा. त्यानंतर देशात नोटा बदलल्या, नानांचे दोन्ही गुडघे बदलले, लेन्सचं मात्र अजून बघणंच चालू आहे.

नाना कृषी विद्यापीठात हवामानाच्या नोंदी ठेवायचे. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मापायचं आणि वहीत आकडा टाकायचा. दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. आयुष्यभर तो सगळा नानांच्या हातातल्या काचेच्या मापातून गेला. निवृत्त झाल्यावर कळलं की लेन्ससुद्धा मिलिमीटरमध्येच मोजतात. एखाद्याला सासरी माहेरचं माणूस भेटावं तसं त्यांना झालं असणार. तेव्हापासून नाना मीटर, मैल, हात, कोस, सगळं विसरले. समोर जे काही येईल ते किती मिलिमीटरला चौकटीत बसेल, एवढंच बघतात. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो, तर आम्ही हात जोडतोय आणि नाना समुद्राकडे बघून म्हणतात, "सुवर्णदुर्ग सहाशेला कापला जातो. तीनशे बरी." भाचीला बघायला आलेला मुलगा निघून गेल्यावर घरात सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. नाना म्हणाले, "चांगला आहे. पण सहाशेलासुद्धा मावेल." मुलगा खरोखर ठेंगणा होता, हा भाग वेगळा.

या सवयीपायी एकदा अनर्थ झाला. जूनचे दिवस, केळसकर नाक्यावर चहा घेत होतो. गिम्हवण्याचा एक ओळखीचा शेतकरी आला आणि त्याने आदराने विचारलं, "नाना, यंदा काय लक्षण?" नाना आपल्याच तंद्रीत. म्हणाले, "सहाशे कमीच पडणार बघ. आठशेशिवाय भागायचं नाही." तो माणूस पांढराफटक पडला. वेधशाळेत जन्म घालवलेल्या माणसाचा शब्द! त्याने भाताची रोपं उपटायची दोन दिवस थांबवली. तिसऱ्या दिवशी असा कोसळला की त्याचे बांध वाहून गेले. तो अजून नानांशी बोलत नाही. नाना म्हणतात, मी लेन्सचंच सांगत होतो, त्याने नीट विचारायला हवं होतं.

बरं, लेन्स न घेण्याची कारणं फालतू असती तर आम्ही केव्हाच भांडून मोकळे झालो असतो. प्रत्येक कारण बिनतोड. टॅमरॉनची दीडशे-सहाशे बाजारात होतीच. तोवर २०१४च्या सप्टेंबरात सिग्माने त्याच मापाच्या दोन बहिणी जाहीर केल्या. थोरली दोन किलो आठशे साठ ग्रॅम, धाकटी एक किलो नऊशे तीस. थोरली पाण्यापावसाला खंबीर, पण उचलायची कुणी? धाकटी पेलवेल, पण कोकणच्या पावसात तिचा निभाव लागेल का? हा विचार चालू असतानाच कॅननने शंभर-चारशे नव्याने आणली. पुढच्या वर्षी निकॉनची दोनशे-पाचशे. २०१६ला टॅमरॉनने आपलीच सुधारून पुन्हा काढली. २०१९ला सोनीची दोनशे-सहाशे. दर वेळी नाना म्हणाले, "बघ, घाई केली असती तर फसलो असतो." यातल्या निम्म्या त्यांच्या कॅमेऱ्याला बसतच नाहीत. पण तो मुद्दा नानांच्या मते गौण आहे. लेन्स मनासारखी मिळाली की तिला शोभेलसा कॅमेरा बघू. म्हणजे तेही बघणंच.

वजनाचा प्रश्न त्यांनी हर्णैला सोडवला. बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. होड्या लागलेल्या, टोपल्या उतरतायत, बोलीची आरडाओरड. शेजारी किरकोळ विकणाऱ्या बायका बसतात. त्यातल्या एकीला नानांनी एक किलो नऊशे तीस ग्रॅमची सुरमई मागितली. दोन किलोची होती, पावणेदोनची होती. नाना हटून बसले, एकोणीसशे तीसच हवी. शेवटी काट्यावर चार-पाच चढवून एक जवळपासची सापडली. नानांनी ती शेपटीकडून उजव्या हातात धरली, पोटाखाली डावा हात लावला, शेपटी डोळ्याशी नेली, मासा समोर ताणला आणि आकाशातल्या घारीवर नेम धरून उभे राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं. घार वळली तसे नानाही वळले आणि सुरमईचं तोंड सावकाश सगळ्या बंदरावरून फिरलं. लिलावाची बोली थांबली. हर्णैचा लिलाव थांबलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

"घेनार असशील तं घे," ती बाई म्हणाली, "न्हायतर ठेव खाली. मासा हाय तो, बंदूक न्हाय."

नाना घामाघूम. "धाकटी जमेल," मला म्हणाले, "पण दोनशे-पाचशे नाही. ती दोन किलो तीनशे आहे." आणि त्याची खात्री करायला दुसऱ्या सुरमईकडे हात नेला. मी मधे पडून पहिली विकत घेतली. नाना शाकाहारी आहेत.

वहिनींनी त्या दिवशी त्यांना विहिरीवर आंघोळ घातली. वहिनींची या प्रकरणातली भूमिका एका वाक्यात सांगता येते : त्या नानांना बिबट्याबद्दल विचारतात. दोन वर्षांपूर्वी बिबट्या परसात येऊन कुत्रं घेऊन गेला. नाना खिडकीत होते. "फोटो?" म्हणून वहिनींनी विचारलं, तर म्हणाले, "एवढ्या जवळ लांब पल्ल्याची लेन्स काय कामाची?"

घरात कॅमेरा आहे. त्याच्यासोबत आलेली अठरा-पंचावन्न लेन्सही आहे. ती तांदळाच्या डब्यात असते. आमच्या हवेत भिंताडाला बुरशी येते, चपलांना येते, लग्नाच्या शालूला येते. लेन्सच्या काचेवर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि एकदा आत शिरली की चिवटपणे राहते. म्हणून डबा, तांदूळ आणि औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. गावात कुणी आजारी पडलं की नाना भेटायला जातात आणि निघताना हळूच बाटल्यांची झाकणं उघडून बघतात.

एकदा आसूदला केशवराजाच्या वाटेवर त्यांनी मला उजेडाचं गणित समजावलं. वर माडपोफळींचं छप्पर, खाली भरदुपारी संध्याकाळ. सहाशेपर्यंत ताणली की या झूम लेन्सांचं तोंड बहुतेक सहा पूर्णांक तीनवर येतं; म्हणजे उजेड थोडा, म्हणून शटर सावकाश, म्हणून पक्ष्याचं भूत. उजेड हवा तर सहाशेची चार तोंडाची लेन्स घ्या. पण ती झूम होत नाही आणि तिच्या किमतीत आंब्याची बाग येते. हे सगळं पायऱ्या चढता चढता, धापा टाकत. मधेच वाक्य न तोडता त्यांनी माझी मान धरून डावीकडे वळवली. पाचोळ्यात एक नवरंग उड्या मारत होता. हिरवा, निळा, बुडाशी लाल. माझ्या डोळ्यांना तोवर नुसता पाचोळा दिसत होता. नाना तिकडे बघतही नव्हते. "पाचशे," एवढं म्हणाले आणि पुन्हा शटरवर आले.

तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली.

कासवांच्या वेळी ती वाढली. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं. ते लोण पुढे आंजर्ल्यालाही आलं. टोपलीखालून ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सोडतात, दोरीमागे माणसं उभी. पिल्लू तळहाताच्या निम्मंही नाही, पायापासून चार फुटांवर. आणि एक तरुण भलीमोठी दीडशे-सहाशे घेऊन मागे-मागे सरकतोय, कारण इतक्या जवळचं तिला दिसतच नाही. "दोन पूर्णांक आठ मीटर लागतात धाकट्या सिग्माला," नाना माझ्या कानात म्हणाले. तरुण सरकत सरकत एका आजींच्या मांडीवर बसला. तोवर पिल्लू समुद्रात गेलं. नाना गुडघ्यांची पर्वा न करता वाळूत उकिडवे बसले होते, आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

आता एका बेहड्याच्या झाडाबद्दल. जागा सांगत नाही, नानांनी शपथ घातलीय. त्याच्या ढोलीत धनेशाची जोडी दर वर्षी यायची. मादी आत बसून दार लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर कित्येक आठवडे फळं आणून त्या फटीतून भरवत राहतो. शहरातल्या मंडळींना याचा सुगावा लागला. जीपमधून उतरली तेव्हा अंगात सैन्याच्या रंगाचे कपडे, तोंडाला जाळी. आमच्याकडचे पक्षी बनियन आणि पंचाला सरावलेले. या वेषाला ते घाबरले असतील तर नवल नाही. हातात फोन, फोनमध्ये धनेशाचा रेकॉर्ड केलेला आवाज, गळ्यात सोनीची दोनशे-सहाशे. गावात कुणीतरी सांगितलं, नानांना विचारा.

नानांनी त्यांना ओटीवर बसवलं, कोकम सरबत दिलं आणि विचारलं, "ही आतल्या आत सरकते ना? लांबी बदलत नाही? दोन किलो एकशे पंधरा?"

त्या तरुणाचा चेहरा उजळला. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. पावणेदोन तास. निकॉनशी तुलना, तिपाईचं डोकं, बुरशी, तांदूळ, दीडपटीचं गणित. बिचारे घड्याळ बघत होते, पण आदरातिथ्याकडे पाठ फिरवून उठायचं कसं? सूर्य हर्णैकडे उतरला तेव्हा नानांनी त्यांना रस्ता दाखवला. "तिकडे बंदरावर घारी पुष्कळ आहेत. सहाशेला मस्त येतील."

मी गडग्यापाशी उभा होतो. नानांकडे बघितलं. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. त्याबद्दल फार लिहवत नाही. मुरूड, आंजर्लं, केळशी, कुठे बघाल तिथे माड-पोफळी आडव्या. दोन पिढ्यांच्या वाड्या एका दुपारीत गेल्या. वीज कित्येक आठवडे नव्हती. वाट मोकळी झाल्यावर मी आणि नाना बेहड्याकडे गेलो. तो मुळासकट उलथला होता. पिल्लू वादळाआधीच उडून गेलेलं नानांनी पाहिलं होतं, एवढंच बरं. ढोलीचं लिंपलेलं दार निम्मं अजून खोडाला चिकटून होतं. नानांनी त्यावरून बोट फिरवलं. मी वाट बघत होतो की आता कितीला येईल ते सांगतील. काही सांगितलं नाही.

त्या झाडाचा एकही फोटो कुणाकडे नाही. ज्यांच्याकडे लेन्स होत्या त्यांना जागा कळली नाही, आणि ज्याला जागा माहीत होती तो लेन्स बघत होता.

परवा नानांकडे गेलो तर ते झोपले होते. टेबलावर त्यांची जुन्या पद्धतीची वही, कामावर वापरायचे तशी. तारीख, वेळ, आणि शेवटचा रकाना मि. मी. सवयीने चाळली. १४ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ, ६००. मी चरकलो. फेब्रुवारीत सहाशे मिलिमीटर पाऊस? नानांचं डोकं फिरलं की काय? मग मधला रकाना वाचला. "धनेश, नर. बेहडा."

मागे-पुढे पानं उलटली. पहिल्या वर्षी सगळीकडे ६००. पक्षी त्यांना त्याहून जवळ येऊ देत नव्हता. तिसऱ्या वर्षी ५००, मग ४००. २०१९च्या वसंतात ३००. वादळाच्या तारखेला नुसती रेघ. त्यापुढे सव्वा वर्ष 'धनेश' हा शब्द नाही. मग एकदा परसातल्या उंबरावर, ४००. पुन्हा, २००. आणि यंदाच्या मे महिन्यातली शेवटची नोंद : "उंबर. नर, मादी, पिल्लू एक. खिडकीतून. ५५."

नाना जागे झाले होते.

"पंचावन्न? नाना, म्हणजे तुमच्या घरातल्या लेन्सला येण्यासारखे होते! फोटो कुठाय?"

"कॅमेरा तांदळात होता. डबा उघडला असता तर आवाज झाला असता." त्यांनी वही माझ्या हातातून काढून मिटली. "ते जाऊ दे. कॅननने दोनशे-आठशे काढलीय, बघितलीस? दोन किलो पन्नास ग्रॅम. पण तोंड नऊवर जातं. काय करू, घेऊ?"

मी म्हटलं, "नाना, थांबा अजून."