रा. रा. गतिरोधक यांस

रा. रा. गतिरोधक,
आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर, देवनार.



आपल्या अंगावर पांढरे पट्टे नाहीत, आपण पुढे आहात असं सांगणारी पाटीही नाही, म्हणून पत्त्यात एवढंच लिहिता आलं. पोस्टमन चुकायचा नाही. त्याच्या स्कूटरच्या पुढच्या चाकाची आपल्याशी चांगली ओळख आहे.

आपली जन्मकुंडली मी काढली. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे आपल्या जातीच्या उंचवट्याची रुंदी ३.७ मीटर असावी, मधली उंची दहा सेंटिमीटर आणि पाठ १७ मीटर त्रिज्येची, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या वेगाची गाडी मानाने वर चढून मानाने खाली उतरते. मी फूटपट्टी घेऊन आलो तेव्हा आपण रुंदीला हातभर भरलात आणि उंचीला नियमाच्या दीडपट. आपल्याला कोणी घडवलं, ते विचारत नाही. एका रात्रीत उगवलेल्या गोष्टींचे आईबाप आपल्याकडे विचारायचे नसतात.

आता माझी ओळख. आपल्यापासून पंधरा पावलांवर, तळमजल्यावरच्या खोलीच्या कोपऱ्यात, मी एक भूकंपमापक ठेवला आहे. हाताच्या पंजाएवढी पेटी. आत जिओफोन, म्हणजे चुंबकाभोवती स्प्रिंगवर टांगलेलं तारेचं वेटोळं. जमीन हलली की त्यात किंचित वीज निर्माण होते आणि सेकंदाला शंभर वेळा तिची नोंद होते. सौ. त्याला ‘तुमचं तान्हं’ म्हणते, कारण त्याच्या आसपास कोणी पाय वाजवलेला मला चालत नाही.

या तान्ह्यासाठी काय काय केलं म्हणून सांगू? आधी ते तिसऱ्या मजल्यावर पुतण्याकडे होतं. तिथे वारा सुटला की सगळी इमारत डुलते, आणि ते डुलणंच नोंदलं जायचं. म्हणून खाली आणलं. खालची फरशी एका जागी पोकळ वाजत होती, ती उखडून पेटी थेट काँक्रीटवर बसवली. पंख्याचा झोत लागू नये म्हणून वर थर्माकोलचा खोका. वायर सैल सोडली, कारण ताणलेली वायर भिंतीची थरथर पेटीत पोचवते. मांजराला दुसरं घर शोधून दिलं. सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीने सुरुवातीला छळलं. पण ती सरळमार्गी बाई. मिनिटाला १,४४० फेरे, म्हणजे सेकंदाला २४ कंपनं, रोज सकाळी त्याच सुरात. तेवढा एक सूर गाळणीने काढून टाकता येतो. पावसाळ्यात अरबी समुद्र किनाऱ्याला ढुसण्या देत राहतो, पण त्याची एकेक लय कित्येक सेकंदांची. तीही बाजूला सारता येते.

आपण मात्र कलावंत. देवनारच्या डंपिंग ग्राउंडकडे जाणारी कचऱ्याची गाडी आपल्यावरून उतरते तेव्हा जो दणका बसतो, तो दोनपासून पंधरा हर्ट्झपर्यंत ऐसपैस पसरतो. जवळपासचे छोटे भूकंप नेमके याच पट्ट्यात बोलतात. आपल्याला गाळावं, तर तेही गाळले जातात. त्यात आमची सोसायटी खाडीकडच्या भरावावर. भुसभुशीत जमीन प्रत्येक धक्का वाढवून पुढे देते, चाळीतल्या बातमीसारखी.

आणि आपली नक्कल करण्याची हातोटी! भूकंपाची आधी प्राथमिक लहर येते, मागून दुय्यम. दोघींमधल्या सेकंदांना आठाने गुणलं की किलोमीटरमध्ये ढोबळ अंतर मिळतं. डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिथून इथवर चौदा-एक सेकंदांचं अंतर पडतं, कोयनेहून पंचवीस. आपल्याकडे डंपरचं पुढचं चाक आधी आदळतं, मागचं साधारण सेकंदाने. माझ्या संगणकाने भाबडेपणाने आठ किलोमीटर काढले. गेल्या वर्षभरात वाशी, दादर आणि विक्रोळी यांना शिवून जाणाऱ्या वर्तुळावर त्याने शेकडो भूकंप नोंदवले आहेत. तिथल्या रहिवाशांना कल्पना नसेल, पण ते सगळे वाचले.

रात्री तरी आपण विसावा घ्याल, असं वाटलं होतं. हार्बरच्या गाड्या थांबतात तेव्हाचे दोन-तीन तास ही शहरातली खरी ऐकायची वेळ. कोयनेचा भूकंप १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे सव्वाचारनंतर झाला. किल्लारीचा १९९३ च्या ३० सप्टेंबरला, चार वाजायच्या जरा आधी, गणपती विसर्जन करून माणसं निजली होती तेव्हा. पण कचऱ्याच्या गाड्याही रस्ता मोकळा बघून पहाटेच धावतात, आणि त्यांच्या स्वागताला आपण जागे. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या भूकंपमापकांवरचा माणसांचा गोंगाट कित्येक ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरला. त्या अभ्यासात माझ्यासारख्या हौशी लोकांच्या यंत्रांच्या नोंदीही होत्या. आपण तेव्हाही अत्यावश्यक सेवेत रुजू होता.

हे सगळं गिळलं असतं. पण एका पहाटे पडद्यावर रेघ उसळली आणि मी सवयीने वहीत ‘डंपर’ लिहून कूस बदलली. सकाळी कळलं की डहाणूकडे धक्का बसला होता. नोंद उघडून पाहिली. सुरुवात एकदम धारदार होती, मग चौदा सेकंदांनी दुसरी उसळी, आणि मागे लांबच लांब ओसरती शेपूट. डंपर हळूहळू फुगतो नि हळूहळू विरतो, हे शेंबड्या पोराला कळावं. मला कळलं नाही, कारण आपण मला लांडगा आला रे आला शिकवून ठेवलं होतं.

शहाणी माणसं अशा वेळी यंत्र उचलून चालू लागतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेच्या नानाभॉय मूस यांनी चुंबकीय निरीक्षणं अलिबागला हलवली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे जोडीने नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या मालिकेचा धागा तुटू नये. ट्राम १९०७ साली विजेवर धावली, तोवर निरीक्षणं तिकडे स्थिरस्थावर. ‘अलिबागसे आया है क्या?’ म्हणून हिणवणाऱ्या मुंबईकराने हे एकदा ऐकावं. आमच्या शेजारच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही भूकंपमापकांची रांग मांडायला तुर्भे सोडून कर्नाटकातलं गौरीबिदनूर गाठलं. मला ना अलिबाग परवडत, ना गौरीबिदनूर.

म्हणून मी दुसरा उपाय केला. मुलुंडला एका मित्राकडे तसंच यंत्र बसवलं. डहाणूची लहर आधी त्याच्याकडे पोचते, मग दोनेक सेकंदांनी माझ्याकडे. दोन्हीकडे उमटलं तरच ते खरं धरायचं. आपली कीर्ती, माफ करा, मुलुंडपर्यंत पोचत नाही.

आपला शेजारी,
तळमजला, कोपऱ्यातली खोली

ता. क. : सही करता करता रेघ उसळली. मुलुंडला फोन लावला. तिकडे सपाट. आवाजावरून गाडी रिकामी होती, परतीची.