पंचांवर रीतसर संतापण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

ही मार्गदर्शिका होतकरू फुटबॉल चाहत्यांसाठी आहे. क्रिकेटवाल्यांनी पान उलटावं. त्यांच्याकडे दोन चेंडूंच्या मध्ये चहा ओतून घ्यायला आणि तिसऱ्या पंचाची आठवण काढायला वेळ असतो. फुटबॉलमध्ये अन्याय होतो, चेंडू पुढे जातो, आणि तुमचं ‘अरे अरे अरे’ पूर्ण होईपर्यंत दुसरा अन्याय होऊन गेलेला असतो. एवढ्या वेगात नीट संतापायचं तर पूर्वतयारी लागते.

पहिला प्रश्न जागेचा. कोल्हापूरकरांना तो पडत नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्याचं शिक्षण पेठेतच झालेलं असतं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं तालमींची, आणि तालमीच्या नावानं उतरलेला संघ खांद्याला खांदा लागला म्हणून तक्रार करत बसत नाही. निदान स्वतःचा खांदा असेल तर. आपल्या पोरानं समोरच्याला आडवा केला की पायऱ्यांवरून शांतपणे निकाल येतो, ‘खेळात चालतंय की.’ तेच उलटं झालं की सगळी पेठ उभी राहते, ‘ओ पंच! दिसतंय न्हवं?’ दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून, पाच मिनिटांच्या अंतरानं, तितक्याच प्रामाणिकपणे येतात. नवशिक्यांनी इथे थांबून निरीक्षण करावं. यापुढचं सगळं शास्त्र याच पायावर उभं आहे.

टीव्हीसमोर बसणाऱ्याचं काम जास्त अवघड. चॅम्पियन्स लीगचे सामने आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबाराला आणि हिवाळ्यात रात्री दीडला सुरू होतात, म्हणजे संताप आवाज न करता व्यक्त करावा लागतो. उशी दातांत धरणं, सोफ्याच्या हातावर बुक्की मारणं, दोन्ही हात डोक्यावर ठेवून खोलीत तीन फेऱ्या मारणं या मान्यताप्राप्त पद्धती आहेत. तरीही पेनल्टी नाकारल्यावर एखादा ‘गेलं!’ निसटतोच. मग आतून चपलांचा आवाज येतो, दिवा लागतो आणि आई दारात उभी राहून घाबऱ्या आवाजात विचारते, ‘कोण गेलं रे?’ अशा वेळी ऑफसाइडचा नियम समजावून सांगू नये. ‘कुणी नाही, झोप तू’ एवढंच म्हणावं.

आता मुख्य विषय, म्हणजे धडक. इथे शत्रुपक्षाचं साहित्य माहीत असणं बरं, म्हणून नियम क्रमांक 12 थोडक्यात सांगतो. पंच अपराधाच्या तीन पायऱ्या मानतात. खेळाडू निष्काळजीपणे अंगावर गेला तर नुसती फ्री किक. बेपर्वाईनं गेला तर पिवळं कार्ड. गरजेपेक्षा जास्त ताकद लावून गेला किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणली तर लाल. हे सगळं पंचानं धावता धावता, वीसेक खेळाडूंच्या गर्दीतून, एका सेकंदात ठरवायचं असतं. चाहत्याला इतक्या पायऱ्यांची गरज नाही. त्याला दोनच पुरतात: आपला आणि त्यांचा.

चाहत्यांचं आवडतं वाक्य म्हणजे ‘आधी बॉललाच लागला होता की!’ हे वाक्य तोंडपाठ असावं, मोठ्यानं म्हणावं आणि नियमात कुठे आहे ते शोधू नये. ते तिथे नाही. चेंडूला आधी पाय लागला म्हणून नंतर समोरच्याच्या नडगीवर उतरलेले स्टड माफ होत नाहीत. 30 सप्टेंबर 2023 ला टॉटनहॅमच्या मैदानावर लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सच्या बाबतीत नेमकं हेच झालं. पाय चेंडूवर पडला, चेंडूवरून घसरला आणि बिसूमाच्या नडगीवर उतरला. पंचानं पिवळं दाखवलं, व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचानं, त्याला पडद्यापाशी बोलावलं आणि पडदा उघडला तोच गोठवलेल्या चित्रावर: पाय नडगीवर, घोटा वाकलेला. चित्र पाहिलं, लाल कार्ड निघालं. गंमत म्हणजे व्हीएआरच्या कार्यपद्धतीतच लिहिलंय की पाय कुठे लागला हे बघायला चित्र मंद करावं, पण किती जोरात लागला हे बघायला नेहमीच्या वेगानं. आणि ते योग्यच आहे. मंद गतीत दाखवलं तर लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा लागलेला धक्काही खुनाचा प्रयत्न वाटेल.

त्याच सामन्यात काही मिनिटांनी लुइस दियासनं गोल केला आणि लाइनमननं ऑफसाइडचा झेंडा वर केला. व्हीएआरच्या खोलीत रेषा आखल्या गेल्या, गोल बरोबर निघाला, आणि तिथल्या पंचानं तपासणी पूर्ण झाल्याचं कळवून टाकलं. त्याची समजूत अशी की मैदानावर गोलच दिलेला आहे. खेळ पुन्हा सुरू झाला. मग खोलीत कुणाच्या तरी लक्षात आलं, गडबड उडाली, पण एकदा खेळ सुरू झाला की मागचा निर्णय फिरवता येत नाही, हाही नियमच. लिव्हरपूल 2-1 नं हरलं, तेही शहाण्णवाव्या मिनिटाला स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घालून. नंतर त्या खोलीतलं संभाषण जाहीर करण्यात आलं. आपल्याकडे सामना रात्री दहाला सुरू झाला होता, त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या लिव्हरपूलवाल्यांना संतापायला अख्खी रात्र मिळाली. अभ्यासासाठी याहून चांगलं उदाहरण नाही. मशीन बरोबर होतं, रेषा बरोबर होती, एकमेकांशी बोलण्यात घोळ झाला. कुठल्याही सरकारी कचेरीत दोन टेबलांमध्ये फाइल अडकवलेल्या माणसाला हे सांगायला नको.

पंच आंधळा आहे, हा आरोप मात्र जपून करावा. कारण कधी कधी तो खरा असतो आणि मग त्यातली मजा जाते. 11 जुलै 2010 ला जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या नायजेल डी याँगनं स्पेनच्या शाबी अलोन्सोच्या छातीवर बूट रोवला. करोडो लोकांना दिसलं. इंग्रज पंच हॉवर्ड वेब यांना ते नीट दिसलं नाही, मध्ये दुसरा खेळाडू आला होता. पिवळं कार्ड दिलं. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं की ते लाल हवं होतं. आज हेच वेब इंग्लंडच्या व्यावसायिक पंचांचे प्रमुख आहेत आणि टीव्हीवर येऊन आपल्या पंचांच्या चुका समजावून सांगतात. अनुभव वाया जात नाही तो असा.

आता एक अत्यंत महत्त्वाची सूचना. धडक झाली की खाली पडलेल्या माणसाकडे बघू नये. लगेच पंचाच्या हाताकडे बघावं. हात खिशाकडे जातोय का? वरच्या खिशाकडे की मागच्या? त्या काही सेकंदांत पडलेला माणूस हलतोय की नाही, हा चाहत्याच्या अखत्यारीतला विषय नव्हे.

या पद्धतीचा आदर्श नमुना 8 जुलै 1982 चा. सेव्हिल, वर्ल्ड कपचा उपांत्य सामना, पश्चिम जर्मनी विरुद्ध फ्रान्स. बदली म्हणून नुकताच आलेला पात्रिक बॅतिस्तों एकटाच चेंडूमागे गोलकडे निघाला. गोलकीपर हाराल्ड शुमाखर धावत पुढे आला, उडी मारली आणि कमरेनं त्याच्या चेहऱ्यावर आदळला. बॅतिस्तों बेशुद्ध. दोन दात गेले, मणक्याला इजा झाली. त्याला स्ट्रेचरवरून नेताना कप्तान प्लातिनी त्याचा हात धरून शेजारी चालत होता. त्याला वाटलं होतं की आपला मित्र मेला. डच पंच चार्ल्स कॉर्व्हर यांनी ना फाउल दिला, ना कार्ड. चेंडू बाहेर गेला होता, म्हणून गोल किक दिली. त्यांचं म्हणणं, मी चेंडूकडे बघत होतो. पंच चेंडूकडे, प्रेक्षक पंचाकडे. शुमाखर कंबरेवर हात ठेवून गोल किक घ्यायची वाट बघत उभा. सामना 3-3 झाला, पेनल्टींवर जर्मनी जिंकली आणि त्यातल्या दोन शुमाखरनंच अडवल्या. दातांचं कळल्यावर तो म्हणाला, एवढंच असेल तर कॅप बसवायचे पैसे मी देतो. माफी नंतर मागितली, बॅतिस्तोंनं दिलीसुद्धा. फ्रान्सनं मात्र अजून दिलेली नाही, आणि इथे मी फ्रान्सच्या बाजूनं आहे. काही गोष्टींवर चाळीस वर्षं संतापलेलं राहायला हरकत नाही.

शिट्टीवरच्या संतापातून कधी तरी काही चांगलं निघतं का? निघालं आहे, नाइलाजानं सांगतो. 1962 साली सँटियागोत चिली आणि इटली यांच्यात जी मारामारी झाली तिला सामना म्हणायची पद्धत आहे. पंच होते केन अ‍ॅस्टन. चार वर्षांनी वेम्बलीवर दुसऱ्या पंचानं अर्जेंटिनाच्या रातीनला बाहेर काढलं तर तो जाईना, आणि कुणाला ताकीद मिळाली कुणाला नाही याचाही घोळ झाला. त्या विचारात अ‍ॅस्टन गाडीनं घरी निघाले असता सिग्नल लागला. पिवळा, मग लाल. 1970 च्या मेक्सिको वर्ल्ड कपमध्ये कार्डं आली. तेव्हापासून निदान एवढं तरी झालं, की पंच काय म्हणतोय हे भाषा न येणाऱ्यालाही कळतं आणि त्यावर आपापल्या भाषेत शिव्या देता येतात.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी 2014 चा अंतिम सामना आहे. जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना, माराकाना. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. वर्ल्ड कप आला की कोल्हापुरात पेठापेठांत अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, त्यामुळे या सामन्याची जखम तिथे अजून ओली आहे. उत्तरार्धात जर्मनीचा गोलकीपर नॉयर उंच उडाला, चेंडू ठोसून काढला आणि गुडघ्यानं इग्वाइनला लोळवलं. इटालियन पंच निकोला रिझोली यांनी फाउल दिला, तो इग्वाइनविरुद्ध! मी आजही तो प्रसंग दाखवून पाहुण्यांना त्रास देतो.

पण त्याच सामन्याच्या पूर्वार्धात दुसरंच काहीतरी झालं होतं. जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रॅमरच्या डोक्यावर गाराय याचा खांदा आदळला. फाउल नाही, कार्ड नाही, म्हणून आम्हीही लक्ष दिलं नाही. क्रॅमर उठला आणि खेळू लागला. थोड्या वेळानं तो रिझोलींपाशी गेला आणि विचारलं, ही फायनलच आहे ना? पंचाला आधी थट्टा वाटली. पोरानं पुन्हा तेच विचारलं तेव्हा त्यांनी जाऊन त्याचा सहकारी श्वाइनस्टायगरला सांगितलं आणि एकतिसाव्या मिनिटाला क्रॅमरला बाहेर घेतलं. डॉक्टर, प्रशिक्षक, आणि रिप्ले बघणारे आम्ही सगळे जागे होतो. कळलं ते त्या पंचाला, ज्याला आम्ही तासाभरानं आंधळा म्हणणार होतो. डोक्याला मार बसलेल्याच्या जागी जास्तीचा बदली खेळाडू घेण्याची सोय चाचणी म्हणून यायला 2021 उजाडलं. एवढी वर्षं लागली, याचा राग मात्र कुणी पायऱ्यांवर उभं राहून काढल्याचं ऐकिवात नाही. विद्यार्थ्यांनी हा परिच्छेद परीक्षेला सोडला तरी चालेल, सगळे सोडतात.

शेवटचा धडा सभात्यागाचा. तो घरी करू नये. 3 मार्च 2023 ला बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर आयएसएलचा बाद फेरीचा सामना जादा वेळेत गेला. शहाण्णवाव्या मिनिटाला सुनील छेत्रीनं फ्री किक झटकन मारून टाकली. केरळ ब्लास्टर्सची भिंत अजून रचली जात होती, गोलकीपर जागेवर नव्हता. पंचांनी गोल दिला. शिट्टीची वाट न बघता किक घेता येते. भिंत मागितली, अंतर मोजायला पंच थांबले, तरच शिट्टीशिवाय मारता येत नाही. इथे काय झालं यावर दोन्ही बाजूंचे लोक आजही शपथा घेतात. केरळचे प्रशिक्षक इवान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर नेला, तो परत आलाच नाही. सामना बंगळुरूला मिळाला, क्लबला 4 कोटींचा दंड झाला आणि प्रशिक्षकांवर 10 सामन्यांची बंदी आली. निषेधाचा दर आता सगळ्यांना ठाऊक आहे. मध्यमवर्गीय चाहत्यानं टीव्ही बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा लावावा. परिणाम तोच होतो आणि खर्च येत नाही.

लेखी तक्रार करायची असल्यास नियम क्रमांक 5 आधी वाचावा. खेळातल्या घटनांबाबत पंचाचा निर्णय अंतिम असतो, गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय, हेसुद्धा त्यात आलं. याच धर्तीवर, या मार्गदर्शनाबाबत कुणाची हरकत असल्यास ती कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात लिहून, सामना संपल्यावर चोवीस तासांनी आणि राग उतरल्यावर पाठवावी. वाचली जाईल. निकाल बदलणार नाही.