आधी म्हशीला विचार

जसोंडीच्या आमच्या घराच्या भिंती दीड हात जाड आहेत. उधारीच्या बाबतीत त्या फार प्रामाणिक. दिवसभर घेतलेलं ऊन रात्री आम्ही आडवे झालो की व्याजासकट परत करतात. गावातली माझी बाकीची उधारी अशी वसूल झाली असती, तर आजवर घरात एसी आला असता.

पूर्वी वर धाबं होतं. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर वीतभर खारी माती. बुऱ्हाणपूरच्या 1615 च्या सुमारास खोदलेल्या कुंडी भंडाऱ्यात उतरलं की भर मे महिन्यातही गार वाटतं, कारण डोक्यावर 80 फूट माती असते. आमच्या डोक्यावरची वीतभर माती आम्ही मजुरी देऊन उतरवली. ‘धाब्याच्या घरात मुलगी कोण देईल?’ म्हणून स्लॅब टाकला. मुलगी मिळाली. आता तीच विचारते, “या तव्यावर कशाला आणलंत मला?” धाबं उरलं ते फक्त गोठ्यावर. त्यामुळे उन्हाळा लागला की आजी आपली खाट उचलून म्हशीशेजारी जाते.

यंदा दुरुस्ती काढली. मिस्तरी म्हणाला, “भाऊ, आतून थर्माकोल मारून घ्या.” मारला. थर्माकोलात कोंडलेली हवा उष्णता अडवते, हे खरंच. पण उंदरांनाही ते कळलं. पंधरा दिवसांत वर त्यांची वसाहत झाली आणि ताटात पांढरे दाणे पडू लागले. एकादशीला आईने ते साबुदाणा समजून वेचलेसुद्धा!

शेवटी बुऱ्हाणपूरला केळी पिकवायच्या चेंबरवर काम करणारा भाचा आला. तिथे केळ्यांना पफ पॅनेलच्या खोल्या असतात. 13 अंशांखाली गेलं की केळ्याची साल काळी पडते, म्हणून एवढी बडदास्त. आमची साल मे महिन्यात काळी पडते, तिचं कोणाला काही नाही.

भाचा म्हणाला, “मामा, बर्फवाला भुसा बर्फाच्या आत भरतो का बाहेरून लावतो? ऊन स्लॅबमध्ये शिरायच्या आधीच अडवायचं. एकदा स्लॅब तापला की खाली थर्माकोल लावून तो गार व्हायचा नाही.”

मग गच्चीवर मडकी उपडी मांडायची ठरली. त्यांच्या पोटात हवा कोंडलेली, फटींत माती, वर कोबा आणि त्यावर पांढराशुभ्र चुना. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून, चार बोटं जागा सोडून, तुराट्यांचा कूड. एवढी मडकी हवीत म्हटल्यावर कुंभाराने आधी आवाज खाली आणून विचारलं, “घरात कोण गेलं?”

काम झालं तसे वडील गच्चीवर चढले. माती, मडकी, चुना सगळं निरखून म्हणाले, “म्हणजे धाबंच की! फक्त या खेपेला पावती मिळाली.”

घर मात्र खरंच निवलं. मी आजीची खाट आणायला गोठ्यात गेलो. तिने जागचं न हलता सांगितलं, “आधी म्हशीला नेऊन बांध. ती तिथे रवंथ करत बसली, तर मी येते.”