आकडा डोक्यात बसला की…

अहो, ऐकलंत का? या ना जरा कंपाऊंडजवळ. मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. समोरच्या वहिनींनी अखेर पाटल्या केल्या! हो, त्याच पाटल्या, ज्यांचं केव्हापासून चाललं होतं. २०२५ च्या धनत्रयोदशीला, सराफ बाजारात, त्या तोबा गर्दीत उभं राहून. आणि भाव काय होता, तर तोळ्याला सव्वा लाखाच्या वर. वर तीन टक्के जीएसटी, मजुरी वेगळीच.

मी आपलं सहज विचारलं, "वहिनी, त्या बजेटच्या वेळी का नाही घेतल्या?" तर चेहरा असा पडला म्हणता… आठवतंय ना, २३ जुलै २०२४? सरकारनं आयातशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं आणि भाव एका दिवसात हजारोंनी उतरला. सत्तर हजारांच्या आसपास आला होता की. आपली अर्धी गल्ली सुभाष चौकातल्या सराफांकडे. वहिनी मात्र जागच्या हलल्या नाहीत. म्हणे, अजून उतरेल, साठ होऊ दे. आता साठच का? तर २०२३ ला लेकीच्या लग्नात साठच्या भावानं घेतलं होतं ना! तो साठ जो डोक्यात बसला तो बसलाच. मग एप्रिल २०२५ मध्ये सोनं लाखाला टेकलं, तेव्हा म्हणाल्या, ऐंशी होऊ दे. आणि धनत्रयोदशीला भिशीतल्या बायका एकेक डबी उघडून दाखवायला लागल्या, तशा ह्या निघाल्या पर्स घेऊन. वहिनींचे यजमान गाडी काढता काढता पुटपुटले, "सत्तरला महाग होतं, आता बरं परवडतंय!" वहिनी म्हणतात कशा, "दीड लाख झालं मग?" झालं. साठ गेला, दीड येऊन बसला.

तर काय सांगत होते… हां, शेजारच्या काकूंची भाची. विद्यापीठात सायकॉलॉजी शिकते ना, ती. परवा तलावावर भरीतपार्टीला आली होती. कळण्याची भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मावशी, आकडा असा डोक्यात बसण्यावर तर प्रयोग झालेत." डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की, इस्रायलचे दोघं दोस्त. लोकांसमोर एक आकड्यांचं चक्र फिरवायचे. चक्रात लबाडी, ते फक्त १० वर नाहीतर ६५ वरच थांबायचं. मग विचारायचे, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के? आता चक्राचा नि आफ्रिकेचा काय संबंध? पण ज्यांनी १० पाहिला त्यांचं उत्तर पंचविसाच्या आसपास, आणि ६५ वाल्यांचं पंचेचाळीस! १९७४ मध्ये छापून आलंय हे. काहनेमान सायकॉलॉजीचा माणूस, पण २००२ मध्ये नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं. मी म्हटलं, बाई गं, फुले मार्केटातल्या साडीवाल्याला द्यायला हवं होतं. तो आधी दोन हजार म्हणतो आणि आपण बाराशेला घेऊन घरी जिंकल्यासारख्या येतो. वहिनी बाजूलाच बसल्या होत्या. हसल्या, पण पाटल्या पदराखाली गेल्या हं.

आणि काकू? काकूंचा चेहरा तर त्याहून पडला. कारण भाचीनं पुढचं वाक्य टाकलं, "मामानं तेच केलं ना कापसाचं!" सगळ्यांसमोर!

तुम्हाला माहीतच आहे, काकूंचा भाऊ, म्हणजे दादा, धरणगावकडे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा-बारा हजारांवर गेला होता. ज्यांनी थांबवून ठेवला, त्यांचं सोनं झालं. मग २०२२ चा कापूस आला, तेव्हा खेडा खरेदीवाला दारात येऊन नऊ हजार म्हणत होता. दादा म्हणाले, "बारा दे." तो गेला. संक्रांतीपर्यंत आठ. दादा म्हणाले, "नऊला नाही दिला तो आठला देऊ?" मग उन्हाळा लागला, भाव सात हजाराच्या घरात, आणि कापूस कुठं? पुढच्या खोलीत, छताला टेकलेला. घरात सगळ्यांच्या अंगाला खाज. पोरं गच्चीवर झोपायला. एकट्या दादांचं नाही हो, अख्ख्या जिल्ह्यात गावोगावी हीच गत होती. त्यात मुलाला बघायला पाहुणे आले! ओसरीत बसवले बिचाऱ्यांना, उकाड्यात. मुलीची आई आत डोकावून म्हणाली, "एवढा कापूस ठेवलाय म्हणजे नड नाही वाटतं." काकूंची भावजय काय बोलणार? सोसायटीचं व्याज तिलाच ठाऊक.

आता गंमत ऐका. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ६,३८०. म्हणजे सात हजार त्याच्याही वर! पण सात हजार मिळाले असं कुणाला वाटलंच नाही. पाच हजार गेले, असंच वाटलं. जे खिशात आलेच नव्हते ते गेले! भाची म्हणते, त्या दोघांनी १९७९ मध्ये हेही मांडलंय. मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गेल्याचं दुःख जास्त लागतं.

पण मी म्हणते, दादांना वेडं का म्हणायचं? आदल्या वर्षी थांबणारेच शहाणे ठरले होते ना? भाव चढला असता तर हीच माणसं दादांचा सल्ला विचारायला गेली असती. शिवाय गणेशचतुर्थीला मुहूर्ताच्या पहिल्या कापसाला व्यापारी कौतुकानं भरमसाट भाव देतात, पेढे वाटतात, पेपरात फोटो. तो भाव दोन-चार क्विंटलांचा, पण बसतो सगळ्या तालुक्याच्या डोक्यात. व्यापाऱ्यांना कळत नसेल का हे? मला तर… जाऊ द्या, बोलायला नको, त्यांच्यातले एक आपल्याच लेआऊटमध्ये राहतात.

तर काय सांगत होते, २०२५ च्या हंगामाचं. ऑगस्टमध्ये बाहेरच्या कापसावरचं आयातशुल्क काढलं होतं, बाजार हमीभावाच्याही खाली गेला. हमीभाव होता ८,११०. सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर द्यायचा तर मोबाइलवर नोंदणी करा. मुलानं गुपचूप करूनही टाकली. आणि दादा? तेव्हाही बारा हजारच म्हणत होते! काकू सांगत होत्या, भावजयीनं ह्या वेळी भांडण केलंच नाही. वेचणी सुरू व्हायच्या आधीच पुढच्या खोलीत मोठा दिवाण आणून टाकला, शेजारी कपाट, नव्या सुनेचं शिलाई मशीन. तसूभर जागा नाही. दादा दारात उभे राहून बघतच राहिले, आणि ती आतून म्हणाली, "ठेवा की आता कुठं ठेवायचा तो."