उपयोगिता प्रमाणपत्रास अनावृत पत्र

श्रीमान उपयोगिता प्रमाणपत्र यांस,


वास्तू दुरुस्त करायची तर विश्वकर्म्यालाही चुना, विटा आणि गवंडी लागतो. आपलं सही-शिक्क्यावर भागतं. अनुदान संस्थेला मिळालं की आपण नमुना 12-ए, राज्याला मिळालं की नमुना 12-सी. आर्थिक वर्ष सरल्यापासून बारा महिन्यांत अवतरता आणि पैसा ठरल्या कामी लागल्याची ग्वाही देता. ग्वाही कोणाची? ज्याने खर्च केला त्याचीच! नवऱ्या मुलानेच स्वतःच्या चालचलणुकीचा दाखला लिहून आणावा, तसं.

आमचं अडाणीपण असं की, जुन्या चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो असं आम्ही समजत होतो. सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, पोपडे सुटतात. चुना मुरवावा लागतो, एक थर वाळला की मगच दुसरा. पण निधी पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर हाती पडतो आणि 31 मार्चच्या आत संपवायचा असतो. मार्चएंड सिमेंटला कळतो, चुन्याला नाही. मोजमाप पुस्तकात निदान किती चौरस मीटर गिलावा झाला ते तरी सापडतं. आपल्याकडे मुख्य मान रकमेचा.

वास्तू जागेवर आहे ना, मग झालं, असंही म्हणता येत नाही. कॅगच्या 2013 च्या अहवालासाठी केंद्राच्या 1655 संरक्षित स्मारकांची जागेवर जाऊन पाहणी झाली. 92 सापडलीच नाहीत. यादीत मात्र सुखरूप!

आमच्या रायपुरात राजनांदगावच्या महंत घासीदासांनी 1875 मध्ये संग्रहालय उभारलं. त्याची जुनी अष्टकोनी इमारत रस्त्यावरून दिसते. तिच्या डागडुजीचा हिशेब बघायला फाइल मागवावी लागत नाही.

तेव्हा एक विनंती. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 खर्चाचा तपशील कुणी न मागता जाहीर करायला सांगतं. आपण फाइलीतून उठून दुरुस्त झालेल्या भिंतीशेजारच्या फलकावर या. मंजूर रक्कम, कंत्राटदार, चुना की सिमेंट, आधीचा आणि नंतरचा फोटो, सही करणाऱ्याचं नाव, सगळं घेऊन या. पहिली सही मार्चमध्ये होऊ द्या. दुसरी पावसाळा संपल्यावर, भिंतीला हात लावून. आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता त्या दुसऱ्या सहीनंतरच सोडा.

कळावे,
तात्यापारा, रायपूर येथील एक करदाता