तांडेलकाका डोंगर चढतात

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या दोन महिन्यांत दांडीच्या किनाऱ्यावर बोटी शाकारून ठेवलेल्या असतात आणि बोटींचे तांडेल घरात बसून बायकोच्या कामात चुका काढत असतात. आमच्या तांडेलकाकांनी भाकरी थापण्यातही सुधारणा सुचवली, तेव्हा काकी मला म्हणाल्या, "यांना कुठंतरी जंगलात सोडून ये बाबा."

जंगल ठरलं काळदुर्गाचं. पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंड लागते, तिथून वनखात्याच्या रानातून वर चढायचं. उंची पंधराशे फुटांच्या आसपास. काका, मी, काकांचा कॉलेजातला पुतण्या, आणि नीट सोडतोय की नाही ते बघायला खुद्द काकी. काकींच्या मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी होती. त्या वासात एमआयडीसी आली कधी, गेली कधी, हे बोईसरमध्ये प्रथमच कुणाला कळलं नाही.

खिंडीत वाघोबाचं देऊळ. वारल्यांचा हा देव. येणाराजाणारा इथं गाडी हळू करून हात जोडतोच. काकांनी नारळ फोडला. "नारळी पौर्णिमा लांब आहे अजून," पुतण्या म्हणाला. "ती समुद्राची. इथला मालक वेगळा," काका म्हणाले. तेवढ्यात एका माकडानं पिशवीत हात घालून एक बोंबील काढला, उलटसुलट करून हुंगला आणि टाकून दिला. माकडांना खायला घालू नका असं माणसांना सांगावं लागतं. इथं माकडच नको म्हणत होतं. काकांना ते फार लागलं. "खारवलेला पण नाही, नुसता उन्हात वाळवलेला माल आहे," असं त्यांनी माकडाला समजावून पाहिलं.

काकी खिंडीतच बसल्या. आम्ही चढू लागलो. पुतण्यानं सागाचं कोवळं पान तळहातावर चुरडून हात लालभडक करून दाखवला. काका घाबरून म्हणाले, "रक्त आलं तुझ्या हाताला!" पुढं रान दाट झालं, पायाखाली चिखल निसटायला लागला, आणि वादळात डोलकाठी धरून उभं राहणारा माणूस करवंदीच्या जाळीला मिठी मारून बसला. "बोट हलते, ते ठीक आहे. जमिनीनं हलायचं काय कारण?"

गडाचा माथा म्हणजे एक लांबट चौकोनी कातळ. वर ढग उतरलेले; दोन हातांवरचं दिसेना. मला वाटलं, काका आता चिडणार. पण ते कातळावर थाप मारून म्हणाले, "पोरगा होतो तेव्हापासून याला बघतोय. खोल समुद्रातून परत येताना आधी हा चौकोन दिसतो, मग आपण कुठं आहोत ते कळतं. आज याच्याच डोक्यावर बसलोय, तर दिसत नाही!"

ढग थोडा फाटला. खाली देवकोपचा तलाव, पालघरच्या इमारती आणि पलीकडं राखाडी पट्टा. समुद्र दिसताच काकांच्या अंगात जीव आला. वळून जंगलाकडं त्यांनी पाहिलंच नाही. लांबवर एक काठी दिसत होती. १९६९ पासून चालू असलेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राची ती चिमणी, असं काकांचं मत. मोबाईलचा टॉवर, असं पुतण्याचं. चिमणी असेल तर तिच्या डावीकडं दांडी, दांडीत आपली बोट, बोटीवरची झापं वाऱ्यानं उडालेली असणार. काकांना इथूनच त्यांची चिंता लागली. वाद मिटेपर्यंत ढगच परत आला.

उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. काकी रस्त्याच्या कडेला एका वारली बाईशेजारी मांडी घालून बसल्या होत्या. दोघींमध्ये कंटोळ्यांचा ढीग. मूठभर बोंबील, ओंजळभर कंटोळी, असा व्यवहार रंगात आला होता आणि दोघीही एकमेकींना लुबाडल्याच्या आनंदात होत्या.

"जेवणातला भाजलेला बोंबील कुठाय?" काकांनी डबा उघडून विचारलं.

"तो पण दिला," काकी म्हणाल्या. "तिनं भाकरी बघितली. छान थापलीय म्हणाली."

काका कोरडी भाकरी मुकाट्यानं खाऊ लागले.